कवळीबाईंची पेटी

माझ्या कारखान्यात दर रविवारी हौशी मंडळी लाकूडकाम शिकायला येतात. त्यांच्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. आठवडाभर ऑफिसात खुर्च्या झिजवायच्या आणि रविवारी येऊन माझ्या रंध्याचं पातं बोथट करून जायचं, याला ते छंद म्हणतात. बँकेतले एक साहेब दोन वर्षं एकच स्टूल करत होते. ते शेवटपर्यंत तीनच पायांवर उभं राहिलं, चौथा काही जमिनीला टेकला नाही. साहेब म्हणाले, तुमची फरशी वाकडी आहे. नाचता येईना, अंगण वाकडं, दुसरं काय.

कवळीबाई त्यातल्या नव्हत्या. त्यांना लाकडाची हौस नव्हतीच. त्यांना एक सूड उगवायचा होता आणि तो उगवायला आधी सुतारकाम येणं भाग होतं. हे मला अर्थात पहिल्या दिवशी कळलं नाही. पहिल्या दिवशी मला एवढंच कळलं की बाई खडूस आहेत.

कवळीबाई हे नाव मी ठेवलेलं. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून देणाऱ्या एका लॅबमध्ये त्या तीस वर्षं कामाला होत्या. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा घेऊन पाठवतात, त्यावर या बाई मेणात हिरडी घडवून एकेक दात बसवतात. वय चोपन्न, अंगानं काटकुळ्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. मी वर्गाला पटाशीला धार कशी लावायची ते सांगत होतो, तर या मध्येच म्हणाल्या, "मिस्त्री, तुमची वरची कवळी सैल आहे. बोलताना वाजते." सगळा वर्ग हसला. मला राग आला, पण बाईंचं खरं होतं. पुढच्या रविवारी त्यांनी माझ्या तोंडाचा ठसा घेतला आणि महिन्याभरात नवी कवळी आणून दिली. तेव्हापासून मी कच्चं गाजर खातो.

त्यांना सोडायला नवरा स्कूटरवरून यायचा. गोरापान, शांत माणूस. बाईंचं काम होईपर्यंत बाहेरच्या बाकावर पेपर वाचत बसायचा, मधेच कोपऱ्यावरून सगळ्यांसाठी चहा आणायचा. माझी बायको म्हणायची, नवरा असावा तर असा. मीही तेच म्हणत होतो, म्हणून हे आधीच कबूल करून टाकतो.

बाईंनी सांगितलं की मला दागिन्यांची एक पेटी करायची आहे आणि ती झाली की मी येणार नाही. मी म्हटलं, आधी साधा ट्रे करा. त्यांनी ट्रे केला. मी म्हटलं, आता चौकट करा. तीही केली. आठ महिने सांगेन ते निमूट केलं. मेणावर चालणारा हात लाकडाला बिचकत होता, कारण मेणाला रेषा नसतात आणि लाकडाला असतात. रेषेच्या उलट रंधा मारला की लाकूड उपटून येतं. तसं झालं की बाई दातओठ खायच्या, पण तीच फळी पुन्हा घ्यायच्या. मग एके दिवशी त्यांनी पेटीचं चित्र माझ्यापुढे ठेवलं आणि आमचं पहिलं भांडण झालं.

दागिन्यांच्या पेटीत कप्पे मोकळे ठेवतात, हा साधा धडा आहे. बायका आज हे घेतात, उद्या ते मोडतात. एकाच दागिन्याच्या आकाराची खाच कोरली, तर तो दागिना गेल्यावर पेटी पाव्हण्यासारखी रिकामी बसून राहते. बाईंच्या चित्रात मात्र मोकळा कप्पा एकही नव्हता. तीन बोटं जाडीचा ठोकळा आणि त्यात कोरलेल्या चार खाचा. दोन कडी, एक पानाच्या आकाराचं पदक, एक अंगठी. मी म्हटलं, बरं, तुमची हौस. उद्या दागिने घेऊन या, त्यांच्याभोवती पेन्सिल फिरवू आणि माप काढू. वस्तू हातात असल्याशिवाय खाच कोरायची नाही, हा आमच्या धंद्यातला दुसरा धडा.

"दागिने माझ्याकडे नाहीत," बाई म्हणाल्या. "ते माझ्या नणंदेकडे आहेत. मी चोरले, असं ती सगळ्यांना सांगते."

मग त्यांनी सांगितलं. वर्ग सुटला होता, नवरा बाहेर पेपरात डोकं घालून बसला होता आणि बाई पटाशी पुसत पुसत, पेशंटचा कागद वाचावा तशा आवाजात सांगत होत्या.

सासूबाई सहा वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. लॅब सांभाळून त्यांचं सगळं बाईंनी केलं. सासूबाईंना दागिन्यांचं वेड. रोज संध्याकाळी बाईंनी कपाट उघडायचं, दागिने मऊ फडक्यानं पुसायचे, सासूबाईंच्या अंगावर घालायचे आणि अर्ध्या तासानं काढून परत ठेवायचे. शेवटचे चार दिवस सासूबाईच नको म्हणाल्या, म्हणून कपाट उघडलं नाही. किल्ली बाईंच्या पर्समध्ये. सासूबाई गेल्या, आठवड्यानं धाकटा दीर वाटणीचं बोलायला आला, कपाट उघडलं, तर आत नुसतं फडकं. घरात वीस माणसं होती. नणंद सगळ्यांसमोर म्हणाली, "किल्ली वहिनीकडे होती. परक्या घरातून आलेल्या बाईला आमच्या आईची काय माया?" आवाज जिन्यापर्यंत गेला. शेजारचे दार उघडून उभे राहिले.

"आणि तुमचे मिस्टर?" मी विचारलं.

मिस्टर मूग गिळून बसले होते. सगळे गेल्यावर म्हणाले, ती दुःखात आहे, चार दिवसांत निवळेल. ते निवळलं नाही. जावेनं घरी येणं बंद केलं. चुलत सासऱ्यांच्या घरी गेलं की कुणीतरी उठून आतल्या खोलीचं दार ओढून घ्यायचं. बाईंच्या मुलाच्या लग्नात तर त्याच्या सासूनं आपली पर्स जेवतानाही मांडीवर ठेवली. हे सांगताना बाईंनी पटाशी खाली ठेवली.

दोन वर्षांनी नणंदेची मुलगी, म्हणजे बाईंची भाची, एका समारंभात हातात कडी घालून आली. पांढऱ्या पॉलिशची, हिरव्या खड्याची, नवीकोरी. नणंदेनं सांगितलं, मी साठवून साठवून घडवून घेतली. पण एका कड्याला अंगठ्याएवढा चेप होता. सासूबाई न्हाणीघरात पडल्या होत्या तेव्हा तो आला होता. बाईंनी तो चेप हजार वेळा फडक्यानं पुसला होता. घरी येऊन त्यांनी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, तुला भास होतोय, सारखा तोच विचार करतेस ना. आणि चोर ठरलेल्या बाईनं दुसऱ्याला चोर म्हटलं, तर कोण ऐकणार? चोराच्या उलट्या बोंबा म्हणून आणखी हसं व्हायचं.

"मिस्त्री, एकाची कवळी दुसऱ्याच्या तोंडात बसत नाही," बाई म्हणाल्या. "जगात कुणाच्याच बसत नाही. मी खाचा कोरणार त्या माझ्या सासूच्या दागिन्यांच्या. नवे दागिने असतील तर त्यात बसणार नाहीत."

मला सांगायला लाज नाही, मला ही कल्पना फार आवडली. मला माफ करणारी माणसं कळत नाहीत. माझ्या भावानं माझा जुना रंधा विकला, त्याला एकोणीस वर्षं झाली, मी अजून त्याच्या घरचं पाणी पीत नाही. मी अक्रोडाची सगळ्यात चांगली फळी काढून बाईंच्या पुढ्यात ठेवली.

त्यांनी आधी मेणाचे दागिने केले. डोळे मिटून. मेणाचा गोळा हातात घ्यायचा, बोटं फिरवायची, थांबायचं, थोडं खरवडायचं, पुन्हा बोटं फिरवायची. पहिले चार नमुने त्यांनी वितळवून टाकले. पाचव्याला म्हणाल्या, हे आहे. पदकाचं खालचं टोक किंचित डावीकडे वळलेलं होतं, अंगठीच्या आतून एक झीज होती, आणि कड्याचा तो चेप. मग त्या नमुन्यांवरून गोल पटाशीनं खाचा कोरायला घेतल्या. अकरा रविवार लागले. फुंकर मारून भुसा उडवायच्या, नमुना बसवून बघायच्या, नखाच्या जाडीएवढं आणखी कोरायच्या.

दुसरं भांडण त्या वेळी झालं. खाचेच्या कडेला बोट घालायला जागा ठेवतात, नाहीतर वस्तू बाहेर कशी काढणार? शिवाय थोडी सूट ठेवावी लागते, हवेत ओल आली की लाकूड फुगतं. बाईंच्या खाचांना सूट नव्हती आणि बोटाला जागा नव्हती. दागिना पृष्ठभागाच्या पातळीत खाली जाऊन घट्ट बसणार. कवळीवाल्यांची सवय ती, त्यांच्या धंद्यात सैल म्हणजे वाईट. मी म्हटलं, बाई, ही सुतारकामातली चूक आहे, असं काम माझ्या कारखान्यातून जाणार नाही. त्या म्हणाल्या, "एकदा बसलं की कुणाला काढता येऊ नये, म्हणूनच ठेवलंय." मी पटाशी परत त्यांच्या हातात दिली.

पेटी मात्र देखणी झाली. आम्ही ती सहाही बाजूंनी बंद चिकटवली आणि मग वरचा भाग करवतीनं कापून झाकण केलं, म्हणजे लाकडाच्या रेषा पेटीवरून झाकणावर अखंड जातात. बंद डबा कापायचा म्हणजे जुगार असतो, करवत तिरकी गेली की वर्षाचं काम वाया. बाईंनी स्वतः कापली. करवत रेघेवरून हलली नाही.

भाचीचं लग्न ठरलं. मुलाकडची माणसं नणंदेच्या घरी जेवायला येणार होती. बाईंनी तोच दिवस निवडला. मी म्हटलं, नुसतं घरच्यांसमोर करा, त्या पोरीच्या नव्या सासरच्यांसमोर कशाला? बाईंनी मेणाचं फडकं पेटीवर घासणं थांबवलं नाही. म्हणाल्या, "मला चोर म्हणताना माझ्या मुलाचा विचार कुणी केला होता का?" आणि मला म्हणाल्या की तुम्हीही या, माझे गुरू म्हणून. आता कुणी म्हणेल, परक्याच्या घरच्या भांडणात मी कशाला जायचं? मी नवा शर्ट घालून गेलो.

तिसऱ्या मजल्यावरचं घर, काचेचं जेवणाचं टेबल, पाहुण्यांसाठी काढलेली सोनेरी काठाची ताटं. नणंद म्हणजे बाईंच्या नवऱ्याची धाकटी बहीण, जाडसर, हसरी. दार उघडताना म्हणाली, "या वहिनी, किती दिवसांनी." आणि मग हसत हसत आतल्या खोलीच्या दाराला कडी घातली. ती कडी मी पाहिली, बाईंनी पाहिली, आणि बाईंच्या नवऱ्यानंही पाहिली.

जेवणं झाल्यावर बाईंनी पेटी टेबलावर ठेवली. कागद काढल्यावर सगळे पुढे वाकले. मुलाच्या वडिलांनी झाकणावरून हात फिरवला आणि विचारलं, कुठून घेतली. भाचीनं मामीला मिठी मारली. तिनं झाकण उघडलं, खाचा बघितल्या आणि हातातली कडी काढली, कारण खाच रिकामी दिसली की माणूस ती भरणारच. पहिलं कडं अलगद आत गेलं. दुसरं बसेना. भाचीनं दाबलं, तरी अर्धं वरच राहिलं.

"थोडं लहान झालं वाटतं, वहिनी," नणंद म्हणाली. "आणि ते कडं मुद्दाम तसं वाकडं घडवलंय ना, डिझाइन आहे ते. तुम्हाला कसं माहीत असणार." तिच्या आवाजात सुटल्याचा आनंद होता. मला वाटलं, गेलं, वर्ष गेलं.

बाई शांतपणे म्हणाल्या, "फिरव ते. चेपलेली बाजू खिडकीकडे कर."

भाचीनं कडं फिरवलं. ते खाली गेलं आणि लाकडाच्या पातळीत बसलं. मग तिनं गळ्यातलं पदक काढलं, तेही बसलं, वळलेल्या टोकासकट. अंगठीही बसली. पोरगी टाळ्या वाजवायची तेवढी राहिली. म्हणाली, "मामी, अगं तू यांना कधी हातसुद्धा लावला नाहीस. तुला माप कसं कळलं?"

"सहा वर्षं रोज पुसलेत मी हे. तुझ्या आजीच्या अंगावर होते तेव्हा," बाई म्हणाल्या. "तेव्हा खडा लाल होता."

नणंद पुढे आली आणि कडं बाहेर काढायला लागली. नखं घातली, पेटी उलटी केली, टेबलावर आपटली. सोनेरी काठाचं एक ताट फुटलं. दागिने जागचे हलले नाहीत. वीस वर्षं मी हौशी लोकांना सूट ठेवायला शिकवतोय, त्या दिवशी मला सूट न ठेवल्याचा इतका आनंद झाला की मी उठून खिडकीपाशी गेलो, कुणाला तोंड दिसू नये म्हणून. मुलाची आई तेवढी बोलली. ती नणंदेला म्हणाली, "राहू द्या हो. बसलंय ते बरोबर जागेवर."

आणि मग नणंद रडत रडत ओरडली, "मी चोर नाही. आईनं स्वतः दिले मला. दादासमोर दिले. दादा, सांग ना तू."

सगळे दादाकडे, म्हणजे बाईंच्या नवऱ्याकडे वळले. तोच शांत माणूस, स्कूटरवाला, चहा आणणारा. त्यानं फुटलेल्या ताटाचा एक तुकडा उचलून बाजूला ठेवला.

"कधी?" बाईंनी विचारलं.

"आई जायच्या आधी चार दिवस," तो म्हणाला. "तू लॅबमध्ये होतीस. आईनं माझ्याकडची जादाची किल्ली मागितली, मी काढून दिली. धाकट्याला कळलं असतं तर तो भांडला असता. आईनं शपथ घातली होती कुणाला सांगायचं नाही म्हणून. मला वाटलं, लोक आठ दिवसांत विसरतील."

पाच वर्षं झाली होती त्या आठ दिवसांना. आपलेच दात आणि आपलेच ओठ, असं आपण म्हणतो आणि गप्प बसतो. बाई दातांच्याच धंद्यातल्या, त्या गप्प बसल्या नाहीत. पण नवऱ्याला काही बोलल्या नाहीत. नणंदेकडे वळून म्हणाल्या, "तू त्या दिवशी मला जे म्हणालीस, ते परत घे. इथे, आत्ता."

नणंद पुटपुटली. बाई म्हणाल्या, "ऐकू आलं नाही. त्या दिवशी जिन्यापर्यंत ऐकू गेलं होतं." तेव्हा ती मोठ्यानं म्हणाली, वहिनींनी काही घेतलं नव्हतं, मी खोटं बोलले. शेजारचं दार उघडल्याचा आवाज आला. बाईंनी पर्स उचलली, भाचीच्या डोक्यावर हात ठेवला आणि खाली आल्या. नवरा आधीच खाली येऊन स्कूटर सुरू करून थांबला होता. त्या माझ्या टेम्पोत बसल्या.

वाटेत मी पेढे मागितल्यासारखा बोलत होतो. काय तोंडावर पाडलंत, काय बसलं ते कडं, असं बरंच. बाई समोरचा रस्ता बघत होत्या. शेवटी मी विचारलं, पोरीसाठी वाईट वाटतंय का? म्हणाल्या, वाटतंय, पण ती तरुण आहे. मग म्हणाल्या, "पाच वर्षं मी चुकीच्या माणसावर दात धरून होते, मिस्त्री. हा रोज माझ्याच ताटाशेजारी जेवत होता. मी रडायचे तेव्हा पाणी आणून द्यायचा." त्याचा चहा मीही वर्षभर प्यालो होतो.

लग्न मोडलं नाही. भाची पेटी घेऊन एकदा माझ्याकडे आली, दागिने काढून मामीला द्यायचे म्हणून. बाईंनी निरोप पाठवला, मला नकोत, मला जे हवं होतं ते मिळालं. भाची आईशी बोलत नाही, एवढं कळलं. धाकटा दीर आणि जाऊ घरी येऊन माफी मागून गेले. बाईंनी त्यांना बसायला खुर्ची दिली, पण बराच वेळ दिली नाही, हे सांगताना त्या पहिल्यांदा हसल्या.

पेटी झाली की येणार नाही, असं त्या म्हणाल्या होत्या. पण पुढच्या रविवारी नऊच्या ठोक्याला दारात हजर. बसनं आल्या होत्या. बाहेरचा बाक रिकामा होता. चष्मा डोळ्यावर चढवून त्यांनी फळ्यांच्या ढिगातून सागाच्या चार लांब फळ्या बाजूला काढल्या. मी विचारलं, आता काय करायचंय?

"पलंग," त्या म्हणाल्या. "एकटीचा."

रुंदी किती ठेवायची, असं मी विचारलं. त्यांनी टेप काढली, फळीवर पसरली, पेन्सिलीनं खूण केली आणि म्हणाल्या, अडीच फूट पुरे, दुसऱ्या कुणाला कडेला टेकायलाही जागा नको. मी करवत दिली.